रबरी शार्क आणि भाऊजींचा गुडघा

वर्कशॉप, ९ जानेवारी

ताई,

नमस्कार, आणि परवा फोनवर जे बोललो ते परत घेतो. आपण फोनवर बोलायला लागलो की दुसऱ्या मिनिटाला भांडतो. मी विचारतो एक, तू सांगतेस तिसरंच, आणि तुझ्या मते मी तुला वाक्य पुरं करू देत नाही. म्हणून हे पत्र. पत्रात कुणाला मध्येच तोडता येत नाही. फक्त तुझं अक्षर मला लागत नाही, तेव्हा सावकाश लिही.

बातमी अशी की तुमच्यावर निघणाऱ्या सिनेमातला शार्क मी करतोय. दिग्दर्शक बाई मला गोष्ट वाचून दाखवायला लागल्या: नवरा-बायको मासेमारीला जातात, ओंडका धडकून बोट बुडते, मासे ठेवायच्या पेटीला धरून दोघं दिवसभर पाण्यात, भोवती शार्क. मी म्हटलं, मला काय सांगता, ती माझी सख्खी बहीण आहे. पण काम त्या नात्यावर मिळालेलं नाही, हे नीट ध्यानात घे. बाकीच्या वर्कशॉपवाल्यांनी कॉम्प्युटरवर चित्रं दाखवली. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, मी गेलो मासळी बाजारात. एक मुशी आणली, म्हणजे शार्कचंच बारकं भावंड, ती बाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हात फिरवा. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिशपेपर. बाईंनी हात फिरवला, काम मला दिलं, आणि टेबल पुसून घेतलं.

सत्य घटनेवर म्हणून शार्कचे जेवढे सिनेमे निघाले ते सगळे मी पाहिलेत. प्रत्येकात शार्क डरकाळी फोडतो. ज्याला आवाजच नाही तो डरकाळी कशाने फोडणार? पाठीवरचा पर सुरीसारखा सरळ येतो. शेपटी डावी-उजवीकडे हलते तर पर डुलायला नको? माझा डुलणार.

म्हणून विचारतो. ते केवढे होते? रंग कोणता? पेटीला धक्का दिला तो नाकाने की कुशीने? भाऊजींना विचारून लिही. आणि शूटिंग तुमच्याच बंदरात आहे, बाईंना भाऊजी सल्लागार म्हणून हवेत, भर समुद्रात, कॅमेऱ्याशेजारी खुर्ची देऊन. त्यांना हो म्हणायला लाव.

तुझा,
खटपट्या


बंदर, २० जानेवारी

खटपट्या,

अक्षर लागत नसेल तर चष्मा बदल.

तुझे भाऊजी येऊ शकणार नाहीत. त्यांचा गुडघा फार दुखतो. बोटीवर चढणं-उतरणं त्यांना अजिबात झेपणार नाही. खुर्चीबद्दल बाईंना धन्यवाद सांग.

हं, आता ते न्हाव्याकडे गेले. इतका वेळ शेजारी बसून वाचत होते. आता खरं लिहिते.

गुडघ्याला काही झालेलं नाही. जिना दोन-दोन पायऱ्या करत चढतात. पण त्या दिवसानंतर तीन वर्षं झाली, हा माणूस घोट्याच्या वर पाण्यात गेलेला नाही. नवी बोट आली, पहिल्यांदा निघायचं त्या सकाळी गुडघा दुखायला लागला, तो लागलाच. मग परवाना मी काढला. आता बोट मी चालवते आणि हे धक्क्यावर जाळी दुरुस्त करतात, लोकांची इंजिनं उघडतात, आणि कुणी काही चुकीचं केलं की लांबून ओरडतात. अख्खं बंदर गुडघ्याची विचारपूस करतं. डॉक्टरांनी तर चेहरा सरळ ठेवून मलम लिहून दिलं. कुणी एका शब्दाने दुखवत नाही त्यांना.

पण मला त्यांचं बोटीवर येणं हवंय रे. दोन खलाशी आहेत, कामाला वाघ, पण जाळं टाकलं की 'टाकलं' म्हणतात आणि ओढलं की 'ओढलं'. पंचवीस वर्षं ज्या माणसाला 'जरा गप्प बसा' म्हणत आले, त्याच्याशिवाय समुद्रात करमत नाही. सिनेमाच्या निमित्ताने बघ काही जमतंय का.

आता तुझे शार्क. हे न्हाव्याच्या दुकानात सांगतात तो शार्क दर वर्षी हातभर वाढतो. सध्या बोटीएवढा झालाय आणि यांनी त्याच्या नाकावर वल्हं हाणलंय. वल्हं कुठलं, ते बोटीबरोबरच गेलं. खरे होते चार. त्यातला मोठा आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याएवढा लांब असेल. वरून ओल्या सिमेंटच्या रंगाचा, खाली पांढरा. दात मला दिसलेच नाहीत. दिसला तो एक डोळा, काळाभोर, कसलीही घाई नसलेला. धक्का कसला देतोय, म्हैस खांबाला अंग घासते तसा पेटीला कूस घासून जायचा. त्याची कातडी माझ्या पोटरीला लागली, ती खूण अजून आहे. तुझा पॉलिशपेपर बरोबर आहे.

आणि आम्ही काय करत होतो, तर भांडत होतो. निघताना गॅस बंद केला होता की नाही यावरून. मी म्हणत होते तुम्ही शेवटी चहा केलात, हे म्हणत होते तू दूध तापवलंस. शार्क जवळ आला की दोघं गप्प, तो लांब गेला की पुन्हा सुरू. संध्याकाळी त्या मालवाहू जहाजाने वर ओढलं तेव्हाही हे त्या खलाशाला सांगत होते की दूध हिनेच तापवलं. हे सिनेमात सांगू नकोस. लोक म्हणतील, काय माणसं आहेत.

ताई


वर्कशॉप, २ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं. रागावू नकोस, राहवलं नाही.

पटकथा लिहिणारे एक चष्मेवाले गृहस्थ आहेत. त्यांनी असं लिहिलं होतं की पेटीला धरून नवरा बायकोला म्हणतो, मी तुला आयुष्यात कधी सांगितलं नाही, पण. आणि मग सांगतो. मी म्हटलं, भाऊजींना मी ओळखतो, ते पाण्यात राहतील पण असं बोलायचे नाहीत. मग गॅसचं सांगितलं. चष्मेवाले म्हणाले, प्रेक्षक हसतील आणि भीती मरून जाईल. बाई आधी खूप हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, प्रेमाचं भाषण काढा, गॅस घाला.

शार्क तुझ्या मापाने करतोय. भाऊजींच्या मापाने केला असता तर वर्कशॉपचं शटर काढावं लागलं असतं. आत लोखंडी सांगाडा, त्यावर फोम, वर रबराची कातडी, आणि त्या कातडीत वाळू मिसळून एकाच दिशेने बसवली आहे. कॅमेऱ्यात दिसणार नाही, मला माहीत आहे. पण नट हात लावेल तेव्हा त्याचा हात खोटं बोलणार नाही. शेपटी हवेच्या दाबावर हलते. तोंड मिटलेलं. त्यावरून माझं आणि कंपनीच्या व्यवस्थापकाचं वाजलं, त्याला दात हवे होते. मी म्हटलं, बहिणीला डोळा दिसला, मी डोळा करणार. कारागिरांनी शार्कचं नाव मावशी ठेवलंय, कारण ती आल्यापासून बाकी कुणाला बसायला जागा नाही.

आता भाऊजी. तू म्हणतेस भीती. मी म्हणतो मान. तू बायको आहेस म्हणून तुला दिसत नाही. एवढा नावाजलेला कप्तान, त्याला तू तोंडी विचारणार, "येता का?" कोण येईल? मला चांगल्या यंत्राचा स्वभाव कळतो, त्याला ढकलायचं नसतं, नीट किल्ली द्यायची असते. कंपनीच्या कागदावर बाईंच्या सहीचं आमंत्रण आणि दारात गाडी, दोन्ही पाठवतोय. मावशीचा फोटोही आहे. बघ कसे येतात.

खटपट्या


बंदर, १४ फेब्रुवारी

मेहुणे यांस,

गाडी आली होती. पांढरी होती. मी न्हाव्याकडे होतो. ड्रायव्हर भला माणूस, बराच वेळ थांबला, त्यामुळे न्हाव्याने माझी दाढी दोनदा केली. गुडघ्यामुळे येणं जमत नाही, बाईंना कळवावे.

फोटो पाहिला. शार्क ठीक आहे, लहान आहे. ज्या दोराने तो टांगलाय त्याची गाठ कोणी मारली? ही गाठ ओली झाली की सरकते. मारणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

तुमच्या बहिणीने सिनेमाबद्दल काही लिहिलं असल्याचं कळलं. दूध तिने तापवलं होतं. सिनेमात तसं दाखवावं.

तुमचे भाऊजी


घर, ३ मार्च

भाऊजी,

हे पत्र घरून लिहितोय, कारण मला कांजिण्या झाल्या आहेत. या वयात. हसून घ्या. बायको जेवणाचं ताट दारातून सरकवते आणि ज्या माणसाने अख्खा शार्क उभा केला त्याला सांगते, खाजवू नका.

मावशी तयार आहे. पोहण्याच्या तलावात तिची चाचणी घेतली. पोटात शिशाचे तुकडे भरून असा तोल साधलाय की पाण्यावर फक्त पर दिसतो, तोही डुलत. मी स्वतः तलावाच्या काठावर पालथा पडून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून पाहिलं. केसभरही इकडे-तिकडे नाही.

पण येत्या आठवड्यात ती समुद्रात उतरणार आणि मी इथे गुलाबी औषध लावून बसणार. माझे दोन कारागीर तिच्याबरोबर येतायत. हुशार आहेत, पण त्यांनी समुद्र पडद्यावरच पाहिलाय. म्हणून हात जोडून विनंती. तुम्ही पाण्यात उतरू नका, बोटीवर चढू नका, खुर्चीवरही बसू नका. नुसते धक्क्यावर उभे राहा आणि ती बरोबर दिसते का एवढं बघा. घरचं माणूस हवं. मुलीला पहिल्यांदा बाहेर पाठवतोय असं वाटतंय.

खटपट्या


बंदर, ११ मार्च

खटपट्या,

अंगावरचे फोड वाळले असतील अशी आशा करते, कारण आता जे लिहिणार आहे त्याने तुला घाम फुटणार आहे.

मी त्या दिवशी बोट घेऊन बाहेर गेले होते, त्यामुळे सुरुवातीचं न्हाव्याकडून कळलं. त्यातलं निम्मं सोडून देऊन सांगते. क्रेनने तुझी मावशी पाण्यात सोडली, आणि खाली जायच्याऐवजी ती टुणकन वर आली. पाठ कोरडी, पोट अर्धं बाहेर, शेपटी पंख्यासारखी हवेत फडफडतेय आणि दिग्दर्शक बाई नखशिखांत भिजल्या. मग ती कुशीवर कलंडली, कारखान्यातून सुटलेल्या कामगारासारखी निवांत. तेवढ्यात ओहोटी लागली आणि ती निघाली बंदराबाहेर.

तुझे कारागीर होडीतून मागे गेले. तिच्या मुंडक्याला दोर बांधला, सुटला. शेपटीला बांधला, सुटला. हे धक्क्यावरून ओरडत होते, कमरेला बांधा, परांच्या मागून घ्या. त्यांना काही ऐकू जाईना. तिसऱ्यांदा त्यांनी तीच फोटोतली गाठ मारायला घेतली आणि न्हावी म्हणतो, तुझ्या भाऊजींचा चेहरा लाल झाला. चपला काढल्या, दुसरी होडी ओढली, वल्हवत तिथे गेले आणि म्हणाले,

"अरे, हे बूट बांधताय का? सरका."

आणि सरळ पाण्यात. गळ्याएवढ्या नाही, पाय टेकत नाहीत अशा पाण्यात. परांच्या मागून दोर घेतला, गाठ मारली, ओढून पाहिली. तरी ती सरळ होईना, तेव्हा तिच्या पाठीवर चढून बसले. यांच्या वजनाने मावशी बरोबर तुझ्या तोलाला आली. नुसता पर पाण्यावर, तोही डुलत.

मी बंदराच्या तोंडातून आत येते तर समोरून शार्क येतोय आणि त्यावर माझा नवरा बसलेला. दोन्ही खलाशी एकदम बोलले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी इंजिन बंद करायचं विसरले. हे माझ्या बोटीच्या बाजूने गेले, वर बघितलं आणि काय म्हणावं या माणसाने?

"तुझ्या बोटीचा पंखा ढिला झालाय. आवाजावरून कळतंय."

धक्क्यावर लोक टाळ्या वाजवत होते. बाई ओल्या कपड्यांत नाचत होत्या, कॅमेरेवाल्याने सगळं टिपलंय म्हणे. पायऱ्यांवर आल्यावर यांनी खाली बघितलं, ओली पँट दिसली, आणि तिथेच खालच्या पायरीवर बसले. मी टॉवेल दिला, चहा दिला. कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, मेहुण्यांना कळव, गोड्या पाण्यात तोललेली वस्तू खाऱ्यात वर येते, मीठ उचलतं तिला. पोटात आणखी शिसं घाला. एवढं डोकं असून तलावात कसली चाचणी घेतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी इंजिन सुरू करून थांबले. मुद्दाम जरा जास्तच थांबले. ते धक्क्यावर आले, माझा दोर सोडला, बोटीत फेकला आणि म्हणाले, आज गुडघा जरा जास्तच आहे.

मी गेले. काय करणार.

ताई


वर्कशॉप, २ सप्टेंबर

ताई,

मिठाबद्दल मी काही बोलणार नाही. कांजिण्यांत ताप डोक्यात जातो. शिसं वाढवलं, मावशीने पुढचे सगळे दिवस चोख काम केलं, एवढंच नोंदवतो.

परवा सिनेमा मोजक्या लोकांना दाखवला. मी मागच्या ओळीत बसलो होतो, पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत. गॅसचं भांडण सुरू झालं आणि सगळे हसायला लागले. शेजारची एक बाई नवऱ्याला कोपर मारत होती. दूध तापवल्याचा मुद्दा निघाला तेव्हा तर थिएटर दणाणलं. आणि त्या हसण्याच्या मध्येच पर आला. डरकाळी नाही, संगीत नाही, नुसता डुलत. ताई, असं गप्प झालेलं थिएटर मी पाहिलेलं नाही. नटीच्या पोटरीला मावशीची कूस घासून गेली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने पाय वर घेतले. चष्मेवाले माझ्याकडे वळून म्हणाले, भीती मेली नाही हो. मी म्हटलं, ज्यांचा गॅस चालू राहिलाय त्यांचीच काळजी वाटते माणसाला.

आता एक अवघड गोष्ट. खऱ्या घटनेवरचा सिनेमा संपला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, पुढे त्या माणसांचं काय झालं ते सांगणारी. बाईंनी लिहिलंय: 'पत्नी आज स्वतःची बोट चालवते. पती या घटनेनंतर पुन्हा कधीच समुद्रात गेले नाहीत.' त्यांना खात्री करून हवी आहे, कारण एकदा पडद्यावर गेलं की गेलं. मी वाद घातला की ते मावशीवर बसले तेव्हा समुद्रातच होते. बाई म्हणतात, बंदरातलं पाणी म्हणजे समुद्र नव्हे. मलाही मनातून पटलं, आणि चुकीचं वाक्य मी सहन करू शकत नाही. पण हे बरोबर आहे असं लिहून द्यायला माझा हात उचलत नाही. तूच सांग. पहिला खेळ या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे, गाडी पाठवतो, दोघं या.

खटपट्या


बोटीवरून, ८ सप्टेंबर

खटपट्या,

शनिवारी येत नाही. का ते लिहिते.

तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण चोरून वाचण्यात त्यांचा फार वेळ जातो. थिएटरचं ऐकून खूश झाले, धिप्पाड माणसाने पाय वर घेतले ते दोनदा वाचायला लावलं. मग ते वाक्य आलं. मी वाचलं आणि थांबले. त्यांनी जाळं खाली ठेवलं. विचारलं, अक्षरं केवढी असतात? मी म्हटलं, भिंतीएवढी. विचारलं, किती गावांत दाखवणार? मी म्हटलं, जिथे जिथे पडदा आहे तिथे. मग जाळं पुन्हा उचललं. जेवताना मध्येच म्हणाले,

"कधीच म्हणजे?"

मी म्हटलं, "कधीच म्हणजे कधीच."

"बाई मला विचारून लिहीत नाहीत का?"

"तेच विचारतायत. काय कळवू?"

 ताट अर्धवट सोडून हे उठले आणि हात धुवायला गेले.

सकाळी मी धक्क्यावर आले तर हे आधीच बोटीत. दोर चुकीच्या बाजूने गुंडाळलेत, साखरेचा डबा कुणी हलवला, पंखा अजून आवाज करतोय, मी सांगितलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, आज एक खलाशी रजेवर आहे ना? तो माझ्या शेजारीच उभा होता. मी त्याला तिथल्या तिथे रजा दिली. तो शहाणा, वळला आणि चालायला लागला.

तर हे पत्र मी जाळं टाकून झाल्यावर लिहिते आहे, आणि समोर तुझे भाऊजी उरलेल्या खलाशाला सांगतायत की तीन वर्षांत आम्ही काय काय बिघडवून ठेवलं. थांबायचं नाव नाही. किती बोलतो हा माणूस, हे मी विसरूनच गेले होते. कान किटलेत आणि मला एवढं बरं वाटतंय की काय सांगू. बाईंना ते वाक्य पुसायला सांग. त्या जागी काय लिहायचं ते त्यांचं त्या बघतील. शनिवारी आम्ही दोघं समुद्रात असू, सिनेमा मागाहून तिकीट काढून बघू, मावशीला सांग.

एक मात्र तुला सांगून ठेवते, त्यांना विचारू नकोस. बंदराच्या तोंडाशी, जिथे पाण्याचा रंग बदलतो, तिथे ते एकदम गप्प झाले होते. केबिनची कड दोन्ही हातांनी धरली. मी इंजिन मंद केलं आणि सुकाणूवर हात ठेवून थांबले. नुसतं 'वळव' म्हणाले असते तरी वळवली असती, आणि वर्षानुवर्षं त्यावर एक शब्द काढला नसता. बोट लाटेवर वर-खाली होत राहिली. मग, पाण्याकडेच बघत, म्हणाले,

"एवढी हळू कशाला चालवतेस? मासे काय आपल्यासाठी थांबणार आहेत?"

मी वेग वाढवला.

ताई